हुडक

उद्यमबागेत रात्री पावणेबाराला
लेथ थांबली.
शाफ्ट चकमध्ये तसाच, अर्धा कातलेला,
आणि पडद्यावर एक ओळ:
हे नाव मला माहीत नाही.

कर्नल एवढंच म्हणतो.
शिवी नाही, उद्या या नाही.
मॉड्यूल दारात उभं, हातात चिठ्ठी,
चिठ्ठीवर ज्याला भेटायचं त्याचं नाव,
आणि आतून उत्तर: असा कुणी इथं राहत नाही.

राहतो की.
मला ठाऊक आहे तो आत आहे,
तेच तीन घास घेऊन तोच एक आकडा परत देणारा.
नव्या आवृत्तीत कुणीतरी त्याचं नाव बदललं,
चांगल्या हेतूनंच बदललं असणार,
खरं आमच्या जुन्या ड्रायव्हरला कळवलं नाही.

शिवलीला बडिगेर फ्लास्कातला चहा ओतते.
"टेबल उघड," म्हणते. "हुडक."

हा शब्द तिच्या घरातून माझ्या घरात कधी आला
याची नोंद कुठल्याच टेबलात नाही.
पुण्याच्या ऑफिसात एकदा 'हुडकते' म्हटलं
तर सगळे हसले. मग मी 'शोधते' म्हणायला शिकले.
बग मात्र अजून हुडकल्याशिवाय सापडत नाही.

उघडलं टेबल.
एक लाख चाळीस हजार नावं
आणि प्रत्येकासमोर सोळा शून्यं.
साध्या माणसानं विचारलं की कर्नल
सगळ्यांचाच पत्ता शून्य सांगतो.
रूट होऊन विचारावं लागतं.
मग देतो आकडे, तेही आजच्यापुरते,
कारण यंत्र नव्यानं उठलं की
सगळी वस्ती मुद्दाम थोडी सरकवून मांडतो,
चोराला घर सापडू नये म्हणून.

परशरामकाका घाडी खानापूरच्या टपालात छाटणीला होते.
कप्पे बावन्न, पत्रं पोत्यानं.
"पत्ता वाचत बसायचं नसतं," म्हणायचे,
"पहिलं अक्षर धर, शेवटचं धर, हात आपसूक जातो."
बेळगाव लिहा, बेळगावी लिहा,
इंग्रजीत जुनं स्पेलिंग लिहा, कन्नडात लिहा,
एका कप्प्यात, आणि पुढचं पत्र.
साहेबानं विचारलं, कप्प्यावर नाव कुठलं घालू?
काकांनी खडूनं सतरा लिहिलं.

एकच पत्र त्यांना शेवटपर्यंत सलत राहिलं.
'अक्का, नंदगड' एवढंच होतं वर.
नंदगडात घरटी एक अक्का.
काही नावं घराच्या आतच चालतात,
उंबऱ्याबाहेर हाक मारली तर
सगळ्या वळून बघतात, किंवा कुणीच नाही.

दीड वाजला.
"जुन्या नावाला नवा पत्ता दे," शिवलीला म्हणाली.
मी म्हटलं, वरचे मान्य करणार नाहीत.
जुनी नावं राखत गेलो तर टेबल फुगतं.
"मग पुसून टाक सगळी. हलकं होईल."

पुसता येतात. चालतंसुद्धा.
फक्त कोसळलं की
कोण कोसळलं ते कळत नाही,
आकडा कळतो.

मग दोघांच्या मध्ये एक इवलं मॉड्यूल बसवलं.
काम एवढंच: जुन्या नावानं हाक आली
की ओ द्यायची, आणि नव्या दाराशी नेऊन सोडायचं.
वर टीप लिहिली: तात्पुरतं.
शिवलीला हसली. तिच्या टेबलाखालचा पंखाही
तात्पुरताच आहे, सहा वर्षं झाली.

लेथ फिरली. लोखंडाची कुरळी साल
थेट पायाशी येऊन पडली, गरम.

निघताना उगाच, बघावं म्हणून,
ते मॉड्यूल काढायचा हुकूम दिला.
नाही, म्हणाला कर्नल. वापरात आहे.
वापरणारे: एक.

गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढं केलं.
तिनं तिच्या लिपीत लिहिलं, मी माझ्या.
त्यानं न वाचताच बंद केलं
आणि विचारलं,
"काय मॅडम, लेथ चालू झाली न्हवं?"